अंक फाडून शिवलेल्या कादंबऱ्या : जुन्या तेलुगू कौटुंबिक नियतकालिकांविषयी

काचीगुडा (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात हैदराबादहून टपालाने एक पुडके आले. काचीगुड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या पिन्नी (तेलुगूत मावशीला आणि काकूला पिन्नी म्हणतात, आणि आम्ही मराठी मुलेही त्यांना तेच म्हणत असू) या वर्षी गेल्या. त्यांच्या मुलीने घर आवरताना "हे तुझ्याकडेच असू दे" एवढी एकच ओळ लिहून त्यांचे एक पुस्तक मला पाठवले. पुस्तक म्हणायचे ते सवयीने, कारण कोणत्याही छापखान्यातून ते पुस्तक म्हणून बाहेर पडलेले नाही.

यद्दनपूडी सुलोचना राणी यांची ‘सेक्रेटरी’ ही कादंबरी १९६० च्या दशकाच्या मध्यावर ‘ज्योती’ या मासिकातून क्रमशः येत होती. पिन्नी तेव्हा कृष्णा जिल्ह्यातल्या माहेरी होत्या, त्यांचे लग्न व्हायचे होते. घरातल्या सगळ्यांचे वाचून झाले की त्या अंकातली कादंबरीची पाने ब्लेडने अलगद काढून ट्रंकेत ठेवत. शेवटचे प्रकरण हाती आल्यावर त्यांच्या वडिलांनी ती पाने एकावर एक लावून दाभणाने भोके पाडली, जाड दोऱ्याने शिवली, पाठीला कापडाची पट्टी डकवली आणि वरून जुन्या कॅलेंडरचा जाड कागद घातला. खळ मैद्याची होती आणि तिच्यात मोरचूद घातलेले होते. पट्टीच्या कडेला त्याची निळसर झाक अजून दिसते आणि इतक्या वर्षांत कसर कुठेही लागलेली नाही. लग्नानंतर त्या हैदराबादला आल्या तेव्हा हे पुस्तक त्यांच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली होते.

मला ते हातात घेतल्यावर कादंबरीपेक्षा पानांच्या पाठीकडेच जास्त वेळ पाहावेसे वाटले. कादंबरीचे पान कापले की त्याच्या मागे छापलेला मजकूरही, तो कोणाला हवा असो वा नसो, सोबत येतो. एका पानामागे गोंगुऱ्याच्या, म्हणजे आपल्या अंबाडीच्या, लोणच्याची अर्धी कृती आहे. अंबाडीची पाने किती घ्यायची आणि मिरच्या किती घ्यायच्या इथवर ती येते आणि मिरच्या तेलात परतायला सांगता सांगता पान संपते. दुसऱ्या एका पानामागे वाचकाच्या पत्राचा शेवट आहे, त्याखाली गावाचे नाव आहे, पण पत्र कशाबद्दल होते ते कळायला मार्ग नाही.

जुन्या तेलुगू घरांमध्ये अशी हाताने बांधलेली पुस्तके सर्रास असत. ‘आंध्र पत्रिका’, ‘आंध्र प्रभा’ आणि ‘आंध्र ज्योती’ यांच्या वारपत्रिका म्हणजे साप्ताहिके, ‘ज्योती’ आणि ‘युवा’ ही मासिके, आणि पुढे विजयवाड्याहून १९७० मध्ये मासिक म्हणून सुरू झालेली व १९८४ पासून साप्ताहिक रूपातही निघू लागलेली ‘स्वाती’, या सगळ्यांचा एक अंक अख्ख्या घरात, आणि पुष्कळदा अख्ख्या गल्लीत, फिरत असे. ‘स्वाती’च्या साप्ताहिकाने तर आपल्या नावातच ‘सपरिवार पत्रिका’ हे शब्द घातले. अंक आधी कोणाच्या हाती जायचा याला प्रत्येक घरात ठरलेला क्रम असे. पिन्नींकडे तो आधी त्यांच्या सासऱ्यांकडे जाई, कारण अंकाचे पैसे ते देत. पण ते फक्त अग्रलेख आणि राशिभविष्य पाहून अर्ध्या तासात अंक खाली ठेवत, आणि दुपारी भांडी झाल्यावर तो खऱ्या अर्थाने वाचला जाई.

मी तेलुगू वाचायला शिकले ती अशाच दुपारच्या वेळी. आमच्याकडे मराठी ‘चांदोबा’ येई आणि पिन्नींकडे तेलुगू ‘चंदमामा’. दोन्ही अंकांत चित्रे तीच आणि गोष्टीही त्याच असत, फक्त लिपी आणि भाषा बदललेली. खांद्यावर प्रेत घेऊन तलवार हाती धरलेला विक्रम दोन्हींकडे त्याच झाडाखालून चालत असे. पिन्नी दोन्ही मासिके जमिनीवर शेजारी शेजारी उघडून ठेवत आणि मी मराठी वाक्य वाचले की त्याच ठिकाणचे तेलुगू वाक्य बोट ठेवून दाखवत. पहिला शब्द मी स्वतःच्या बळावर वाचला तो ‘राजु’, आणि मराठीतला ‘राजा’ तेलुगूत उकारान्त झाला याचा मला त्या वयात फार आनंद झाला होता.

हा धागा काढण्यामागे दोन हेतू आहेत. तेलुगू शेजारात, आंध्रात, तेलंगणात किंवा सोलापूरसारख्या ठिकाणी वाढलेल्या मराठी वाचकांनी या नियतकालिकांविषयी आपल्या आठवणी लिहाव्यात, हा पहिला. दुसरा हेतू जरा स्वार्थी आहे : १९६४ ते १९६६ च्या सुमाराचे ‘ज्योती’चे अखंड अंक कोणाकडे किंवा कोणाच्या पाहण्यात असतील तर ते मला हवे आहेत.

जुनी_पाने

उत्तम धागा. या नियतकालिकांचा एक धागा थेट मुंबईत येऊन पोहोचतो आणि तो मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसतो, म्हणून तो आधी नोंदवतो.

‘आंध्र पत्रिका’ हे साप्ताहिक ९ सप्टेंबर १९०८ रोजी सुरू झाले ते मद्रासला किंवा बेझवाड्याला (आताचे विजयवाडा) नव्हे, तर मुंबईत. संस्थापक काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलू हे त्याआधी, १८९३ मध्ये, मुंबईतच ‘अमृतांजन’ बाम काढून नावारूपाला आले होते, आणि बामाच्या विक्रीतून येणारा पैसा त्यांनी पत्रिकेत घातला. १९१४ मध्ये ते मद्रासला गेले आणि पत्रिका दैनिक झाली, १९२४ मध्ये त्यांनी ‘भारती’ हे वाङ्मयीन मासिक काढले, आणि कौटुंबिक वाचनासाठी सचित्र साप्ताहिक याच संस्थेतून निघत राहिले. ‘भारती’ आणि ‘आंध्र पत्रिका’ १९९१ पर्यंत चालली.

आणखी एक योगायोग माझ्या मनात बरीच वर्षे घोळतो आहे. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये मुंबईतून काढला, आणि ‘आंध्र पत्रिके’चे उगादी (म्हणजे आपला पाडवा) विशेषांक १९१० पासून सुरू झाले, तेही मुंबईतूनच. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे म्हणायला माझ्या हाती पुरावा नाही आणि मी तसे म्हणणारही नाही. पण सणाच्या निमित्ताने घराने एक जाडजूड अंक विकत घ्यावा आणि तो महिनाभर पुरवून वाचावा ही रीत एकाच शहरात वर्षभराच्या अंतराने दोन भाषांनी धरली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

औषधांच्या पैशावर वाढलेले दुसरे मासिक म्हणजे ‘गृहलक्ष्मी’. मद्रासच्या ‘केसरी कुटीरम’चे डॉ. के. एन. केसरी यांचे स्त्रियांसाठी असलेले ‘लोध्र’ हे औषध घरोघरी खपत असे, आणि त्यांनी १९२८ मध्ये स्त्रियांसाठीच हे मासिक काढले. कनुपर्ती वरलक्ष्मम्मा यांची ‘शारदा लेखलु’ ही लेखमाला त्यात येई. शारदा नावाची स्त्री आपल्या मैत्रिणीला पत्रे लिहिते आणि त्या पत्रांतून शिक्षण, विवाहाचे वय, खादी, कायदे यांविषयी बोलते, असे तिचे रूप होते. लेखिकांना सोन्याचे कंकण देऊन गौरवण्याची ‘गृहलक्ष्मी स्वर्णकंकणम’ ही प्रथाही याच मासिकाची. मराठीत नांगर करणाऱ्या कारखान्याने ‘किर्लोस्कर’ आणि पुढे ‘स्त्री’ ही मासिके चालवली आणि तेलुगूत बाम व काढा करणाऱ्यांनी पत्रिका चालवल्या. दोन्हीकडे माल घेणारा ग्राहक आणि मासिक वाचणारा वाचक एकाच घरात राहत होते.

पूर्वभाग

मी सोलापूरचा, पद्मशाली. आमचे लोक विणकामासाठी तेलंगणातून सोलापुरात आले, त्याला आता कित्येक पिढ्या झाल्या. १८७७ साली शहरात जुनी मिल उभी राहिली, त्यानंतर हातमाग आणि यंत्रमाग वाढले, आणि शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलणारा झाला. आमच्या घरी पुरुष मागावर आणि बायका विड्या वळायला, असे माझ्या आजीच्या पिढीपर्यंत होते.

धागाकर्तीने लिहिलेले सगळे खरे आहे, पण ते वाचताना मला जे वाटले ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या अंकांतली तेलुगू आमची नव्हती. माझी आई चौथीपर्यंत तेलुगू शाळेत शिकली होती, म्हणून गल्लीत वाचून दाखवण्याचे काम तिच्याकडे असे. विड्या वळणाऱ्या सात-आठ बायका सुपे मांडीवर घेऊन बसत आणि आई मध्ये बसून साप्ताहिकातली कादंबरी वाचे. तिच्या हातची विडी त्या वेळात इतर बायका वळून देत, म्हणजे हजार विड्यांचा हिशेब संध्याकाळी पुरा होई. वाचताना ती शब्द बदलत असे. अंकात ‘एला’ (कसे) असले तर ती ‘एट्ला’ म्हणे, ‘अलागे’ असले तर ‘गट्लने’ म्हणे. मला वाटे की तिला नीट वाचता येत नाही. पुष्कळ वर्षांनी मीच तेलुगू वाचायला शिकलो तेव्हा कळले की ती समोरच्या बायकांसाठी किनारपट्टीची भाषा तेलंगणाच्या भाषेत आणत होती, आणि तेही न अडखळता, ओळीच्या वेगात.

तेलंगणाची बोली या कथांमध्ये आली तर ती गड्याच्या, मोलकरणीच्या किंवा हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी येई. नायिका नेहमी कृष्णा-गुंटूरकडची भाषा बोले. तेलंगणात कवीच नाहीत, अशा अर्थाचे विधान कोणीतरी केले तेव्हा ‘गोलकोंडा पत्रिके’चे सुरवरम प्रतापरेड्डी यांनी १९३४ मध्ये ३५४ कवींच्या रचनांचा ‘गोलकोंडा कवुल संचिका’ हा ग्रंथ काढून उत्तर दिले होते. पण तो झाला कवितेचा प्रश्न. घरातल्या साप्ताहिकात आमचे घर कधी आले नाही, आणि तरीही आमच्या बायकांनी ती साप्ताहिके प्राणापलीकडे जपली. हे दोन्ही एकदम खरे आहे आणि त्यातले एक सोडून दुसरे सांगणे मला जमत नाही.

ओवी

पूर्वभाग यांच्या प्रतिसादाने धाग्याला खरे वजन आले. मी त्यात आणखी एक प्रश्न घालते. ज्या कादंबऱ्यांच्या आठवणीने आपण गहिवरतो त्या कादंबऱ्यांनी बायकांना काय दिले? श्रीमंत, देखणा, थोडा रागीट नायक आणि स्वाभिमानी पण शेवटी त्याच्याच घरी जाणारी नायिका, हा साचा १९६० आणि ७० च्या दशकांत इतका चालला की स्त्री-लेखिकांच्या नावाला मागणी आहे हे पाहून पुरुषही बायकांच्या नावाने लिहू लागले. ‘आंध्र ज्योती’ साप्ताहिकातले ‘इल्लालि मुच्चट्लु’, म्हणजे गृहिणीच्या गप्पागोष्टी, हे गाजलेले सदर पुराणम सीता या नावाने येई आणि ते लिहीत होते संपादक पुराणम सुब्रह्मण्य शर्मा. घरातल्या बाईचा आवाज म्हणून जो घराघरात ऐकला गेला तो आवाज बाईचा नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

माझा मुद्दा या कादंबऱ्या टाकून द्याव्यात असा नाही. पण ‘सांस्कृतिक वारसा’ म्हणताना त्यात काय होते ते पूर्ण पाहावे. याच साप्ताहिकांतून रंगनायकम्मांसारखी, विवाहसंस्थेलाच प्रश्न विचारणारी लेखिकाही वाचली गेली, आणि तिच्यावर वाचकांची संतापलेली पत्रेही याच पानांवर आली.

काचीगुडा

ओवी, तुमचा प्रश्न मला मान्य आहे आणि त्यावर मी पिन्नींच्या वतीने थोडे बोलते, कारण त्या आता बोलू शकत नाहीत.

पिन्नींनी ‘सेक्रेटरी’ किमान पंधरा वेळा वाचली असेल. मी कॉलेजात असताना एकदा त्यांना विचारले होते की नायक राजशेखरम इतका घमेंडी आहे, तर तो आवडतो कसा? त्या म्हणाल्या की राजशेखरमसाठी कोण वाचते, नायिका जयंती नोकरीला जाते ती पाने मी वाचते. जयंती सकाळी तयार होऊन, हातात पर्स घेऊन, बसने कामावर जाते, तिला पगार मिळतो आणि त्या पगाराचे काय करायचे ते ती ठरवते, एवढाच भाग त्यांना पुन्हा पुन्हा वाचावासा वाटे. त्यांच्या प्रतीत त्याच पानांचे कोपरे मऊ झालेले आहेत आणि शेवटची, मीलनाची पाने जवळजवळ कोरी करकरीत आहेत. लेखिकेने काय लिहिले आणि वाचणाऱ्या बाईने त्यातून काय उचलले हे नेहमी एकच नसते, आणि पानांचे कोपरे याची साक्ष देतात.

कादंबऱ्यांपेक्षा सदरांनी अधिक दिले असे मात्र माझे ठाम मत झाले आहे. मालती चंदूर यांचे ‘प्रमदावनम’ हे सदर ‘आंध्र प्रभा’ साप्ताहिकात १९५२ मध्ये सुरू झाले आणि चार दशकांहून अधिक काळ चालले. त्यात पाककृती येत, बाळाच्या दुधाचे वेळापत्रक येई, परदेशांतल्या स्त्रियांची ओळख येई, आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे येत. ती उत्तरे छोटी, स्पष्ट आणि कोणाला न घाबरता दिलेली असत. सासू बोलते, नवरा नोकरी करू देत नाही, मुलगी शिकवू की नको, असे प्रश्न बायका पोस्टकार्डावर लिहून मद्रासला पाठवत. मालतीगारूंनी (‘गारू’ हा तेलुगूतला आदराचा प्रत्यय) पुढे ‘स्वाती’ मासिकात ‘पात केरटालु’ या सदरातून इंग्रजीतल्या आणि इंग्रजीत आलेल्या कादंबऱ्यांचे विस्तृत परिचय तेलुगूत दिले. पिन्नींना इंग्रजी येत नव्हते, पण टॉलस्टॉय आणि हार्डी यांच्या कथानकांवर त्या माझ्याशी वाद घालू शकत, तो या सदराच्या बळावर. मालतीगारूंचे ‘वंटलु-पिंडिवंटलु’ हे पाककृतींचे पुस्तक पुढे तेलुगू घरांत लग्नात देण्याची वस्तू झाले.

आपल्याकडे ज्या दुर्गाबाई देशमुखांना आपण चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी म्हणून ओळखतो, त्यांनी मद्रासला आंध्र महिला सभा उभी केली आणि ‘आंध्र महिला’ हे मासिकही चालवले. तेव्हा बाईचा आवाज या पानांवर नव्हताच असे नाही, तो पुराणम सीतांच्या शेजारीच होता.

बेझवाडाकर

वडील रेल्वेत असल्याने माझे बालपण विजयवाड्यात गेले. कथा-कादंबऱ्यांविषयी जाणकारांनी लिहिलेच आहे, मी चित्रांविषयी लिहितो, कारण मला वाचता येत नव्हते तेव्हाही हे अंक माझे होते.

‘युवा’ मासिकाची मुखपृष्ठे वड्डादि पापय्या काढत आणि खाली ‘वपा’ अशी सही करत. श्रीकाकुळमचे हे चित्रकार ‘चंदमामा’साठीही चित्रे काढत असत. त्यांच्या चित्रांतल्या स्त्रिया पुराणातल्या असोत की पाण्याला निघालेल्या खेड्यातल्या, रंग असा काही ओलसर असे की आम्हा मुलांना ते चित्र हाताला लागेल असे वाटे. आमच्या घरमालकांच्या ओसरीवर ‘युवा’च्या दिवाळी अंकाची तीन-चार मुखपृष्ठे काचेच्या चौकटीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलेली होती, आणि सणाला त्यांनाही कुंकू लागे. दिवाळी अंक ही फक्त मराठी माणसाची गोष्ट आहे असे मी पुण्यात आल्यावर अनेकांच्या तोंडून ऐकले, तेव्हा मला ती ओसरी आठवली. ‘युवा’चा जाड दिवाळी अंक आमच्या घरमालकीणबाई नरक चतुर्दशीच्या आधी दुकानदाराकडे पैसे भरून राखून ठेवत.

आणि बापू. सत्तिराजु लक्ष्मीनारायण हे त्यांचे खरे नाव, पण आंध्रात बापू म्हटले की दुसरे कोणी डोळ्यांपुढे येत नाही. व्यंगचित्रे, कथाचित्रे, मुखपृष्ठे, पुढे चित्रपट, असे सगळे त्यांनी केले. लांब वेणीच्या, मोठ्या डोळ्यांच्या मुलीला तेलुगू लोक आजही ‘बापू बोम्मा’, म्हणजे बापूंची बाहुली किंवा चित्र, म्हणतात. एखादी मुलगी तशी दिसली तर तिचे कौतुक याच शब्दांत होते. त्यांचे हस्ताक्षर इतके लोकांच्या ओळखीचे झाले की त्याचा टंक तयार झाला आणि लग्नपत्रिका त्यात छापल्या जाऊ लागल्या. त्यांचे जिवलग मित्र मुळ्ळपूडी वेंकटरमण यांचा ‘बुडुगु’ हा वात्रट, बडबड्या मुलगा १९५० च्या दशकात ‘आंध्र पत्रिका’ साप्ताहिकात आला आणि चित्रे बापूंची होती. माझ्या वर्गातल्या प्रत्येक खोडकर मुलाला कोणी ना कोणी बुडुगु म्हणत असे, मलाही म्हणत.

‘ज्योती’चे अंक माझ्याकडे आहेत. त्याविषयी सविस्तर लिहितो, पण आधी माळ्यावरची पेटी खाली काढावी लागेल.

गिरगावकर

‘चांदोबा’ मूळचा तेलुगू होता हे मला आज, वयाच्या साठीत, कळले. कोणी थोडे सांगेल का?

जुनी_पाने

सांगतो. ‘चंदमामा’ जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळ अशा दोन भाषांत एकदम निघाला. काढणारे बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी, म्हणजेच पुढे चित्रपटसृष्टीत ‘विजया’ या संस्थेमुळे गाजलेली जोडी. मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये आला. त्याच वर्षी तेलुगू आवृत्तीचे काम कोडवटिगंटि कुटुंबराव यांच्याकडे आले आणि ते १९८० मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. कुटुंबराव स्वतः तेलुगूतले थोर कथाकार, विवेकवादी आणि डाव्या विचारांचे. राक्षस, वेताळ आणि राजकन्या यांच्या गोष्टी त्यांनी ज्या स्वच्छ, छोट्या वाक्यांत लिहिल्या आणि लिहून घेतल्या, त्या गद्याचे वळण भाषांतरांतूनही उतरले. ‘चांदोबा’ची मराठी ज्यांना आठवते त्यांनी ती वाक्ये आठवून पाहावीत.

दासरी सुब्रह्मण्यम यांनी त्यात अर्ध्या शतकाहून अधिक काळ काम केले. धूमकेतू, मांत्रिक, पाताळातले किल्ले यांच्या ज्या चित्तथरारक मालिका आपण श्वास रोखून वाचल्या त्या त्यांच्या लेखणीतून उतरल्या होत्या, आणि अंकात त्यांचे नाव छापले जात नसे. चित्रकारांची नावे मात्र सहीमुळे सर्वांना ठाऊक होती. विक्रम-वेताळाचे जे चित्र वर उल्लेखिले आहे ते शंकर यांचे, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांचे, ते २०२० मध्ये वारले.

चक्रपाणींविषयी एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. क्षयाच्या उपचारासाठी ते मदनपल्लेच्या आरोग्यधामात होते, तिथे ते बंगाली शिकले, आणि त्यांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या तेलुगूत आणल्या. त्या इतक्या रुजल्या की शरच्चंद्र हे तेलुगू लेखकच आहेत असे समजणारे वाचक होते. ‘युवा’ मासिकही चक्रपाणींचेच.

पूर्वभाग

जुनी_पाने, दासरींचे नाव अंकात नसे हे वाचून आईची आठवण झाली. तिचेही नाव कुठे नाही. ओळीच्या वेगात तिने केलेली ती भाषांतरे हवेत गेली.

ओवी

ती इथे आत्ता नोंदवली गेली, पूर्वभाग. शक्य असेल तर तुमच्या गल्लीतल्या ज्या बायका ते ऐकत होत्या त्यांच्यापैकी कोणी असतील तर त्यांना बोलते करा आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवा. कथा आठवत नसल्या तरी वाचण्याची रीत आठवत असेल.

बेझवाडाकर

पेटी काढली. ‘ज्योती’चे नऊ अंक निघाले आणि त्यांतले चार १९६५ चे आहेत. वाळवीने दोन खाल्ले आहेत, बाकीचे बरे आहेत. पण धागाकर्तीने ज्यासाठी विचारले ते पाहायला गेलो आणि अवाक् झालो. प्रत्येक अंकात मधली पाने नाहीत. ब्लेडने, शिवणीपासून बोटभर जागा सोडून, सरळ रेषेत कापलेली आहेत. आईनेच कापली असणार, किंवा तिच्या आधी ज्यांच्याकडून अंक आले त्या शेजारणीने. ती बांधलेली कादंबरी आता घरात नाही.

जुनी_पाने

बेझवाडाकर यांनी जे पाहिले तेच मी ग्रंथालयांत पाहत आलो आहे. आंध्र प्रदेश प्रेस अकादमीने जुनी नियतकालिके स्कॅन करून लोकांसाठी खुली केली, हैदराबादला बागलिंगमपल्लीच्या सुंदरय्या विज्ञान केंद्रात मोठा संग्रह आहे, आणि वेटपालेमच्या सारस्वत निकेतनम या १९१८ च्या ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे जपलेली आहेत. पण देणगी म्हणून घरांतून आलेल्या साप्ताहिकांच्या गठ्ठ्यांत धारावाहिकाची पाने पुष्कळदा नसतात. कादंबऱ्यांचे त्याने नुकसान झाले नाही, त्या पुढे पुस्तकरूपाने आल्या आणि आजही छापल्या जातात. गेले ते त्या पानांच्या पाठीवरचे : पत्रे, जाहिराती, कृती, कोडी, व्यंगचित्रे. अभ्यासकाला आज तेच हवे असते, कारण ते पुन्हा कुठेही छापले गेलेले नाही.

म्हणून घरी बांधलेली पुस्तके ज्यांच्याकडे आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ‘ही कादंबरी तर दुकानात मिळते’ म्हणून ती रद्दीत देऊ नका. त्या पुस्तकात कादंबरीपेक्षा मोलाचे जे आहे ते तिच्या मागे आहे.

काचीगुडा

बेझवाडाकर, तुमचा प्रतिसाद मी रात्री वाचला आणि लगेच पुस्तक काढून बसले. पिन्नींच्या प्रतीतल्या पानांवर अंकाचे पृष्ठक्रमांक शाबूत आहेत, महिना मात्र सगळ्याच पानांवर नाही. मी आज सकाळपासून पृष्ठक्रमांकांची यादी करते आहे : पुढचे पान, मागचे पान, मागे काय छापले आहे, आणि ते वाक्य कुठे तुटते. तुम्ही तुमच्या चार अंकांत कोणते पृष्ठक्रमांक नाहीत ते लिहून पाठवाल का? अर्ध्या कृतीचे पान बावन्नावे आहे, म्हणजे उरलेली अर्धी त्रेपन्नाव्या पानावर असली पाहिजे.

काहींनी व्यक्तिगत निरोपात सुचवले आहे की शिवण उसवून पाने सुटी केली तर स्कॅन स्वच्छ येईल. ते मी करणार नाही. पिन्नींच्या वडिलांनी घातलेला टाका अजून घट्ट आहे. पुस्तक जितके उघडते तितके उघडून खिडकीच्या उजेडात छायाचित्रे काढते आहे. शिवणीजवळची दोन-तीन अक्षरे प्रत्येक ओळीत सावलीत जातात, ती मी हाताने लिहून काढते. आतापर्यंत अठ्ठावीस पाने झाली आहेत.